कंदील, छत्री आणि कपभर चहा: एम. एफ. हुसेन यांचं रोजचं जगणं

(युवा शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



आयोजकांनी मला विषय दिला होता ‘मुस्लिम कलावंत आणि अभिव्यक्तीचं स्वातंत्र्य’. मी त्यांना फोन करून सांगितलं, की मी एम. एफ. हुसेन यांच्याबद्दल बोलेन, पण कोर्टाबद्दल कमी आणि चहाबद्दल जास्त. ते हसले आणि म्हणाले, बोला.

हुसेन हे नाव इथे बसलेल्या प्रत्येकाने ऐकलं आहे. पण काय ऐकलं आहे? खटले, मोर्चे, १९९८ मध्ये त्यांच्या मुंबईच्या घरावर झालेला हल्ला, २००६ मध्ये देश सोडणं, २०१० मध्ये कतारचं नागरिकत्व, २०११ मध्ये लंडनमध्ये मृत्यू. हा माणूस ९५ वर्षं जगला. त्यातली शेवटची १५ वर्षं आपल्याला तोंडपाठ आहेत आणि आधीच्या ८० वर्षांबद्दल कोणी विचारत नाही. कोणी त्यांना शिव्या घालतो, कोणी त्यांची ढाल करतो. ढाल करणाऱ्यांमध्ये आपणही आहोत. या दोन्ही बाजूंच्या मधे, सकाळी उठून चहा पिणारा आणि रस्त्यावरची माणसं बघत बसणारा एक चित्रकार होता, तो हरवून गेला.

हे फक्त हुसेन यांच्या बाबतीत होत नाही. टीव्हीवर मुसलमान माणूस येतो तो ‘प्रश्न’ म्हणून येतो. आपल्या बैठकांमध्येही आपण स्वतःला प्रश्न म्हणूनच मांडतो: शिक्षण, तलाक, घर भाड्याने न मिळणं, नोकरी. सगळं खरं आहे, सगळ्यावर बोललंच पाहिजे. पण तुम्हाला कुठला रंग आवडतो, कुठल्या गल्लीतून चालताना बरं वाटतं, हे तुम्हाला शेवटचं कोणी विचारलं होतं? कोणी विचारत नाही म्हणून हळूहळू आपणही ते लक्षात ठेवणं सोडून देतो. त्यासाठी मला आज हुसेन हवे आहेत.

मी सोलापूरची. हुसेन यांचा जन्म आमच्याच जिल्ह्यातला, पंढरपूरचा, १७ सप्टेंबर १९१५. सुलेमानी बोहरा कुटुंब. आई झैनब ते अगदी तान्हे असतानाच गेली. घरात तिचा एकही फोटो नव्हता. तिचा चेहरा त्यांना कधीच आठवला नाही, पण ती नऊवारी नेसायची एवढं ठाऊक होतं. आता त्यांची चित्रं डोळ्यांसमोर आणा. कितीतरी बायकांना चेहराच नाही. मदर तेरेसांवरची त्यांची मोठी मालिका आहे, तिच्यात निळ्या काठाची पांढरी साडी आहे, मांडीवर मूल आहे, आणि चेहऱ्याच्या जागी काळोख. लोक त्याचे मोठमोठे अर्थ लावतात. हुसेन स्वतः साधं उत्तर द्यायचे: आईचा चेहरा माहीत नाही.

आजोबा पत्र्याचं काम करायचे, कंदील बनवायचे आणि दुरुस्त करायचे. आई नसलेलं हे नातवंड आजोबांच्या अंगाखांद्यावर वाढलं. आजोबा गेले तेव्हा मुलगा त्यांच्याच खोलीत, त्यांच्याच बिछान्यावर, त्यांची जुनी अचकन पांघरून झोपायला लागला. कोणाशी बोलेना. मग वडिलांनी त्याला बडोद्याच्या वसतिगृहात पाठवलं. हे सगळं हुसेन यांनी आपल्या हिंदी आत्मकथेत लिहिलं आहे. त्यातला एक भाग एनसीईआरटीच्या अकरावीच्या हिंदी पुस्तकात होता, इथल्या सीबीएसईवाल्यांपैकी काहींनी वाचला असेल. परीक्षेपुरता वाचला असेल तर परत वाचा.

त्यांच्या १९५६ च्या गाजलेल्या चित्राचं नावच ‘कोळी आणि दिवा यांच्यामध्ये’ असं आहे. पुढे १९६७ मध्ये फिल्म्स डिव्हिजनने त्यांना एक लघुपट करायला दिला, ‘थ्रू द आईज ऑफ अ पेंटर’. राजस्थानात चित्रीकरण केलं. ना गोष्ट, ना निवेदन. गल्ल्या, माणसं, जनावरं, आणि मधेमधे एक कंदील, एक छत्री, एक जोडा. बर्लिनच्या महोत्सवात त्याला लघुपटासाठीचं सुवर्ण अस्वल मिळालं. पंढरपूरच्या एका पत्राकाम करणाऱ्या म्हाताऱ्याचा कंदील बर्लिनला पोचला, असं मी याकडे बघते.

आता दुकानाकडे येऊ, कारण मला सगळ्यात आवडलेला भाग तोच आहे.

वडील फिदा हुसेन इंदूरच्या कापड गिरणीत नोकरीला होते. मुलाचं शाळेत लक्ष नाही, तर निदान धंदा शिकेल, म्हणून त्यांनी त्याला काकांच्या दुकानात बसवलं. तुमच्या-माझ्या घरातलीच गोष्ट. मुलगा गल्ल्यावर बसायचा आणि बाहेर बघायचा. घुंगट घेतलेली बाई, गव्हाचं पोतं पाठीवर घेतलेला हमाल, त्याच्या पागोट्याच्या घड्या, पठाणाची दाढी, बुरख्यातली बाई, शेळीचं पिल्लू. हिशेबाच्या वहीत रकमा कमी आणि चित्रं जास्त. दहा रुपये लिहायचे, तर वीस स्केचेस व्हायची.

एक दिवस दुकानासमोरून सिनेमाची जाहिरात करणारा टांगा गेला. ‘सिंहगड’ चित्रपटाची. कोल्हापूरच्या प्रभात कंपनीचा, व्ही. शांताराम यांचा, तानाजी मालुसऱ्यांवरचा, १९३३ चा. पतंगाच्या रंगीत कागदावर छापलेलं पोस्टर, त्यावर ढाल-तलवार घेतलेला मराठा योद्धा. मुलाच्या डोक्यात बसलं की याचं तैलचित्र करायचं. आयुष्यात तैलरंगांना हात लावलेला नव्हता. पैसे नव्हते, आणि काका हिशेबाचे पक्के. म्हणून त्याने शाळेची दोन पुस्तकं विकली, भूगोलाचं आणि बहुधा इतिहासाचं, आणि रंगांच्या ट्यूब आणल्या. दुकानातच बसून चित्र केलं. काका भडकले, वडिलांकडे तक्रार गेली. वडिलांनी चित्र पाहिलं आणि मुलाला जवळ घेतलं.

इतिहासाचं पुस्तक विकून तानाजीचं चित्र काढणारा मुसलमान मुलगा! कोण कुणाचा इतिहास, यावर आपल्याकडे रोज भांडणं होतात. त्या मुलाला तो प्रश्न पडलेलाच नव्हता. त्याला पोस्टर आवडलं होतं. आवडणं ही गोष्ट इतकी साधी असते, आणि ती तशी राहू द्यायला हल्ली किती ताकद लागते हे तुम्हाला ठाऊक आहे.

इंदूरमध्ये चित्रकला शिकवायला देवळालीकर मास्तर होते. त्यांचेच विद्यार्थी ना. श्री. बेंद्रे. बेंद्रे इंदूरच्या रस्त्यावर उभे राहून समोरचं दृश्य रंगवायचे आणि हा मुलगा त्यांच्या सोबतीने रंगवायला लागला. मग एक दिवस त्याने बेंद्र्यांना घरी नेलं, वडिलांशी गाठ घालून दिली. बेंद्र्यांनी मुलाच्या कामाबद्दल सांगितलं. दुसऱ्याच दिवशी वडिलांनी मुंबईहून विन्सर न्यूटनचे रंग आणि कॅनव्हास मागवले. गिरणीत नोकरी करणारा, जुन्या वळणाचा बाप, ज्याच्या अवतीभवती चित्र काढणं हे राजेरजवाड्यांचे चोचले समजले जायचे. मला हुसेन यांच्यापेक्षा या फिदा हुसेन यांचं जास्त कौतुक वाटतं. मुलाच्या नावात त्यांचं नाव राहिलंच, शिवाय कितीतरी वर्षांनी माधुरी दीक्षितवर केलेल्या चित्रांखाली हुसेन यांनी सही केली ती ‘फिदा’ अशी. त्या शब्दाचे दोन अर्थ आहेत, दोन्ही चालतात.

मुंबईत आल्यावर काय केलं? सिनेमाचे फलक रंगवले. इथे मला थोडं घरचं सांगू द्या, कारण माझे अब्बा सोलापुरात पाट्या आणि फलक रंगवायचे. मोठा फलक कसा होतो ते तुम्ही पाहिलेलं नसणार. नटीचा छोटासा फोटो घ्यायचा, त्यावर पेन्सिलने चौकोन आखायचे. मग मोठ्या कापडावर तितकेच चौकोन, पण फूट-दीड फुटाचे. सुतळी गेरूत बुडवायची, दोघांनी दोन टोकं ताणून धरायची, मधोमध उचलून सोडायची, सट्कन सरळ रेघ उमटते. मग एकेका चौकोनात फोटोतला तेवढाच तुकडा उतरवायचा. जवळून बघितलं तर नाकाच्या जागी नुसते तपकिरी फटकारे. रस्त्याच्या पलीकडे गेलं की नटी. पिक्सेल म्हणजे काय हे मला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षी शिकवलं गेलं, पण ते मी सातवीतच, सुतळीचं दुसरं टोक धरून शिकले होते. आणि पुढे कॉम्प्युटरवरून निघणाऱ्या फ्लेक्सने अब्बांचा धंदा बसवला, तेव्हा मी कॉम्प्युटरच शिकत होते. घरात यावर कोणी बोललं नाही.

म्हणून हुसेन यांची ती एका झटक्यात ओढलेली, न डगमगणारी रेघ पाहिली की मला परांची दिसते. उंचावर उभं राहून, चौरस फुटाच्या हिशेबाने मजुरी घेऊन, शुक्रवारच्या आत चेहरा पुरा करायचा असेल तर हाताला थरथरायची चैन परवडत नाही. ती रेघ कुठल्याही कला महाविद्यालयात मिळाली नसती.

१९४१ मध्ये लग्न झालं. संसार वाढला. मग फर्निचरच्या एका दुकानासाठी मुलांचं फर्निचर आणि लाकडी खेळणी यांची डिझाइनं करायला लागले. ते काम १९४७ पर्यंत. त्या वर्षी बॉम्बे आर्ट सोसायटीच्या प्रदर्शनात चित्र लागलं, फ्रान्सिस न्यूटन सूझा यांनी ते पाहिलं आणि हुसेन यांना प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपमध्ये ओढलं. सूझा गोव्याचे, रझा मध्य प्रांतातले, आरा सिकंदराबादहून आलेले आणि घरगडी म्हणून राबलेले, गाडे विदर्भातले, बाकरे शिल्पकार, आणि हुसेन. पहिलं एकट्याचं प्रदर्शन १९५० मध्ये. म्हणजे पस्तिशीला. आधीची पंधराएक वर्षं फलक आणि खेळणी.

इथे तिशीच्या आतले बरेच जण मला विचारतात, ताई, कलेवर पोट भरतं का? मी आयटीत आहे, मला हिशेब कळतो. नाही भरत, बहुतेकांचं तरी नाही. पण मला वाटतं हा प्रश्न थोडा बाजूला ठेवता येतो. त्या पंधरा वर्षांत हुसेन चित्रकार ‘होण्याची’ वाट बघत बसले नव्हते. खेळण्याच्या लाकडी घोड्यातही ते घोडा कसा उभा राहतो ते बघत होते. त्यांच्या त्या प्रसिद्ध उधळलेल्या घोड्यांबद्दल ते सांगायचे, की लहानपणी मोहर्रममध्ये पाहिलेला दुलदुल आणि ताजियांची मिरवणूक त्यांच्या मनात राहिली. तुमच्यापैकी कितीतरी जणांनी तीच मिरवणूक पाहिली आहे, आणि मोबाइलवर शूट करून स्टेटसला टाकली आहे. टाका, माझी हरकत नाही. पण घोड्याचा कान कुठल्या दिशेला होता ते आठवतं का?

आता त्यांच्या आवडीनिवडी. चहा. हा माणूस कुठेही बसून चहा प्यायचा, इराण्याकडे, टपरीवर. अहमदाबादला लकी नावाचं हॉटेल आहे, जिथे टेबलांच्या मधे जुन्या कबरी आहेत. तिथला चहा त्यांना इतका आवडायचा की त्यांनी हॉटेलला चित्र भेट दिलं, ते भिंतीवर आहे. मुंबईत भेंडीबाजारच्या नूर मोहम्मदीची नल्ली निहारी, तिथेही त्यांचं चित्र. कोट्यवधींना विकलं जाणारं चित्र निहारी खाणाऱ्याच्या डोक्यावर टांगलेलं. मला ही संग्रहालयांपेक्षा बरी जागा वाटते.

पाय अनवाणी. १९६४ मध्ये कवी गजानन माधव मुक्तिबोध गेले. मराठी घरातला हा माणूस हिंदीत लिहायचा. त्यांच्या अंत्ययात्रेत हुसेन यांनी चपला काढल्या आणि नंतर घातल्याच नाहीत. मुंबईतल्या एका बड्या क्लबाने अनवाणी म्हणून आत घेतलं नाही तरी नाही. दुःखातून सुरू झालेली गोष्ट पुढे सवय झाली, मग ओळख, आणि खरं सांगायचं तर थोडी जाहिरातही. हुसेन यांना आपण कसे दिसतो याचं चांगलं भान होतं.

सिनेमा. ‘हम आपके हैं कौन’ त्यांनी पन्नासहून जास्त वेळा पाहिला. वय तेव्हा जवळपास ऐंशी. लोक हसले. त्यांनी माधुरीला घेऊन ‘गजगामिनी’ काढला, तो पडला. हसणाऱ्यांना उत्तर देत बसले नाहीत. आपल्याकडे साठीनंतरच्या माणसाने तसबीह आणि आरामखुर्ची यापलीकडे काही आवडून घेऊ नये अशी अपेक्षा असते, बाईने तर चाळिशीनंतरच.

स्टुडिओ असा नव्हताच. हॉटेलची खोली, मित्राची जमीन, जिथे जागा मिळेल तिथे कॅनव्हास पसरायचा. भीमसेन जोशी गात असताना रंगमंचावर चित्र काढायचे. १९९२ मध्ये कोलकात्यात लोकांसमोर काही दिवस देवींची चित्रं रंगवली आणि शेवटी सगळ्यांवर पांढरा रंग फिरवला. आम्ही इंजिनिअर लोक प्रत्येक ओळीचे तीन बॅकअप ठेवतो. त्यांना काम करतानाचा आनंद पुरत होता असं दिसतं.

एक गोष्ट मात्र मला सांगायलाच हवी, कारण मी बाई आहे. सहा मुलं होती. हा माणूस आज दिल्लीत, उद्या झुरिकमध्ये. हैदराबादेत बद्रीविशाल पित्तींकडे राहून, लोहियांच्या सांगण्यावरून, रामायणाची दीडशेच्या आसपास चित्रं केली, त्यात वर्षं गेली. त्या वेळी घरी रोज संध्याकाळी चूल कोण पेटवत होतं? फाजिला. कलावंताच्या मोकळ्या भटकंतीची किंमत घरातलं कोणीतरी मोजत असतं, आणि तिच्या कंदिलाचं चित्र कोणी काढत नाही. माझी अम्मी जुन्या साड्यांच्या वाकळी शिवते. कडेला लाल पट्टी घ्यायची की हिरवी, यावर दोन दिवस विचार करते. तिला कोणी कलावंत म्हटलेलं मी ऐकलं नाही. मी स्केचबुक घेऊन बसले की तीच म्हणते, “कायकू कागद खराब करती गे?”

हुसेन संत नव्हते. आणीबाणीत त्यांनी इंदिरा गांधींना दुर्गेच्या रूपात रंगवलं, ते मला आजही पटत नाही. पण आवडता माणूस निर्दोष असायलाच हवा असा हट्ट का?

आणि आपल्या घरातला प्रश्न. चित्र काढणं जायज आहे का, असं तुम्हाला मोहल्ल्यात कोणीतरी विचारलं असणार. मी आलिमा नाही. एवढं सांगते, की लहानपणी याच मुलाने अरबी अक्षरांचं वळण गिरवलं, आणि त्याच्या रेषेत ते वळण शेवटपर्यंत आहे. २००४ मध्ये त्यांचा ‘मीनाक्षी’ आला, तेव्हा एका कव्वालीतल्या शब्दांवर आपल्यातल्याच काही संघटनांनी आक्षेप घेतला आणि सिनेमा थिएटरमधून उतरला. म्हणजे देवींच्या चित्रांवरून एका बाजूने मारलं आणि कव्वालीवरून दुसऱ्या बाजूने. २००८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांच्यावरचे चित्रांचे खटले रद्द केले, तो निकाल आपण अभिमानाने सांगतो. सांगावाच. पण ‘मीनाक्षी’चं काय, हेही त्याच दमात बोलायला हवं.

दोहा आणि लंडनमधली शेवटची वर्षं. नव्वदी ओलांडलेला माणूस. कतारमध्ये अरब संस्कृतीवर मोठी मालिका हातात, लंडनमध्ये भारतीय संस्कृतीवरची दुसरी. रोज काम. घर सुटलं, पासपोर्ट सुटला, पण सकाळी उठून ब्रश हातात घ्यायची सवय सुटली नाही. त्या दिवसांत त्यांना भेंडीबाजाराची आठवण येत असणार, असं म्हणायचा मोह होतो, पण मी त्यांच्या मनात शिरणार नाही. चित्रं बघा.

माझं स्वतःचं म्हणाल तर, कंपनीच्या बसमध्ये दीड तास जातो, त्यात मी झोपलेल्या माणसांची स्केचेस काढते. मान कुठल्या कोनात पडते, उघड्या तोंडाचा आकार कसा होतो. चांगली नाहीत. कोणाला दाखवत नाही, कुठे टाकत नाही. पण त्या दीड तासात मी अल्पसंख्याक नसते, टीम लीड नसते, कोणाची लग्नाची मुलगी नसते. बघणारी असते.

आता चहा येतोय. तुमच्या खुर्चीखाली अर्धा कागद आणि पेन्सिल ठेवली आहे, खोडरबर मुद्दाम दिलेलं नाही. विषय असा: तुमच्या घरातली एक वस्तू, जी मोडली, गळायला लागली, जुनी झाली, तरी कोणी फेकून दिली नाही. मोबाइलमध्ये फोटो शोधायचा नाही, आठवून काढायची. वीस मिनिटं आहेत. ज्यांना ‘मला चित्र येत नाही’ असं म्हणायचं आहे त्यांनी माझ्याजवळ येऊन बसा.